मदत कक्षातल्या नव्या माणसांचं प्रशिक्षण : काही महिने चालवून पाहिल्यावर

आधी निकाल सांगतो. आराखडा चालतो, पण त्यातला बराच भाग दिवाळी येईपर्यंत आम्ही बंद केला. जो उरला तो जवळजवळ सगळा कागदपत्रांचा आहे. बेळगावातल्या एका पदवी कॉलेजच्या विद्यार्थी मदत कक्षात मी काम करतो. जूनपासून नवीन लागणाऱ्यांना आम्ही दोन आठवड्यांचं प्रशिक्षण देतो, त्याबद्दल हे लिहितोय.

‘हसतमुखाने बोला, आधी ऐकून घ्या’ या छापाची व्याख्यानं सगळ्यात आधी बंद केली. सकाळी ऐकलेलं दुपारच्या गर्दीत कुणाला आठवत नव्हतं. पोरगं तावातावानं खिडकीशी येतं ते बहुतेक वेळा शिष्यवृत्ती अडकल्यामुळे. ती नेमकी कुठं अडकली हे समोरच्याला सांगता आलं की आवाज आपोआप खाली येतो, दोघांचाही. व्हिडिओ आणि त्यावरची प्रश्नावलीही बंद केली. त्यात पैकीच्या पैकी मिळवणारा माणूस पहिल्याच खऱ्या प्रकरणात माझ्या टेबलाकडे बघायचा.

टिकली ती जुन्या प्रकरणांची फाईल. नावं काढून टाकलेली खरी प्रकरणं नव्या माणसापुढं ठेवायची आणि विचारायचं, कुठला कागद मागशील, कुणाकडे पाठवशील? आपल्या भागात पहिलाच प्रश्न फसवा असतो. खानापूरचा मुलगा आणि चंदगडचा मुलगा एकाच बाकावर बसतात, मराठीही सारखीच बोलतात. पण खानापूरवाल्याचा अर्ज कर्नाटकच्या एसएसपी (राज्य शिष्यवृत्ती) पोर्टलवर जातो, त्याला नाडकचेरीतून, म्हणजे तिथल्या स्थानिक महसूल कचेरीतून, काढलेल्या जात-उत्पन्न दाखल्यांवरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) लागतो. चंदगडवाल्याचा दाखला महाराष्ट्राचा, त्यावर आरडी नंबर शोधून सापडणारच नाही. अनुसूचित जातींच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत विद्यार्थी ज्या राज्याचा, तेच राज्य पैसे देतं; कॉलेज कुठं आहे हे बघत नाहीत. म्हणून ‘गाव कुठलं?’ असं विचारायचं नाही, ‘दाखला कुठला?’ असं विचारायचं. महाराष्ट्रातल्या कागलची मुलगी कर्नाटकातल्या निपाणीत मामाकडे राहून शिकलेली असू शकते, ती गाव निपाणीच सांगणार.

फाईलमधलं सगळ्यात उपयोगी प्रकरण बँकेचं. पोर्टलवर रक्कम मंजूर दिसते, खात्यात मात्र काही नाही. विद्यार्थी शपथेवर सांगतो की आधार लिंक आहे. असतंही, पण बँकेनं ओळखीसाठी आधार घेणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत ते खातं जोडलेलं असणं वेगळं. सरकारी पैसे या नोंदीत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मध्येच कुणी दुसऱ्या बँकेत खातं उघडून संमतीच्या फॉर्मवर सही केली, की पैसे तिकडं जातात आणि पोरगं जुनं पासबुक भरून आणत राहतं. हे एकदा पक्कं समजलेला नवा माणूस अशी प्रकरणं एकटा निपटतो. नावांचंही तसंच. आधारवर आपल्या पद्धतीनं आडनाव आधी, एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) मार्क्स कार्डावर नाव आणि मागे इनिशियल. अर्ज भरायला घेण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघायची सवय लावा.

भाषेचा भाग माझ्या अपेक्षेपेक्षा बरा उतरला. मराठी शाळेतून आलेल्यांना कन्नड बोलता येतं, पण परिपत्रक वाचायला दिलं की गाडी अडते. बैलहोंगल-गोकाककडच्या कन्नड पोरांचं मराठीत तसंच होतं. म्हणून दोघांची जोडी लावून रोज अर्धा तास खरी परिपत्रकं वाचायला लावली. खिडकीवर मुलगी म्हणते, ‘फॉर्म सबमिट आगिल्ल री’ (झाला नाही हो), आणि शेजारची आई लगेच, ‘बघा की हो सर, सकाळधरनं बसलोय.’ दोघींनाही त्यांच्या त्यांच्या भाषेत उत्तर मिळालं पाहिजे, एवढाच नियम. यावर कुणी राजकारण सुरू केलं तर चहाला बाहेर जावं.

फोनची रंगीत तालीम मात्र कुणी वगळू नये. ‘मी पोरीचा काका बोलतोय, तिची हजेरी किती ते सांगा जरा.’ आपल्याकडे वडीलधाऱ्या आवाजापुढं नवी पोरं लगेच विरघळतात. आमचे एक जुने क्लार्क हा काका इतका झकास वठवतात की एकीनं घाबरून अख्खं मार्क्स कार्ड वाचून दाखवलं होतं. नियम साधा आहे. फोनवर काही सांगायचं नाही, नोंदलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा 2023 साली झाला, त्याच्या कलमांत नव्या माणसाला शिरायला लावू नका. तालीम पुरते.

रडत आलेल्या विद्यार्थ्यापुढं समुपदेशक बनायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, आत बसवून जबाबदार शिक्षकांना बोलवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि रॅगिंगविरोधी 1800-180-5522 हे नंबर खिडकीच्या आतल्या बाजूलाही चिकटवले, कारण ऐनवेळी कर्मचाऱ्यालाच आठवत नाहीत.

तक्रार आहे ती वेळेबद्दल. माणसं रुजू होतात नेमकी प्रवेशाच्या धांदलीत. शिकवणाऱ्याचं स्वतःचं काम तुंबतं, आणि त्याला त्याबद्दल कुणी सूट देत नाही. एकाच माणसावर चालणाऱ्या कक्षानं हा आराखडा घेऊ नये; त्यांना प्रकरणांची फाईल आणि फोनची तालीम एवढंच झेपेल. शिवाय पोर्टलचे नियम बदलतात आणि फाईल शिळी होते. म्हणून आता सत्र संपलं की कालबाह्य प्रकरणं काढायची आणि त्यांच्या जागी नवी लिहायची, तीही जूनमध्ये लागलेल्यांनीच, असं ठरवलंय. पहिलं आलेलं प्रकरण चंदगडच्याच एका मुलाचं आहे, आणि त्याचं उत्तर मलाही विचारून घ्यावं लागलं.