महिला कारागृहातलं सरकारी शिक्षण आणि सुटकेची मदत: काय वापरावं, कुठे अडतं

महाराष्ट्रातल्या कारागृहात असलेल्या बाईला सरकारी खर्चाने जे काही मिळतं, त्यात शिक्षणाची सोय सगळ्यात भक्कम आहे. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, कैद्यांकडून फी घेत नाही. तरी प्रवेश हुकतात, आणि ते बहुतेक वेळा अभ्यासामुळे नाही, ओटीपीमुळे हुकतात.

इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै सत्राचे, परीक्षा जून आणि डिसेंबरात. २०२४ पासून मुक्त आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. त्यासाठी आधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या सरकारी खात्याचा क्रमांक) हवा, त्यासाठी डिजिलॉकर हे कागदपत्रांचं सरकारी ॲप, आणि डिजिलॉकरचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर नवऱ्याचा किंवा दिराचा असतो, आणि अटकेनंतर हेच लोक कारागृहात भेटीला यायचे थांबलेले असतात. म्हणून अर्जाच्या आधी आधारचं काम उरकावं. अधीक्षकांकडे आधार शिबिराची लेखी मागणी सत्र सुरू होण्याच्या दोन महिने आधी द्यावी. नंबर बदलायला तिची स्वतःची बोटांच्या ठशांसारखी बायोमेट्रिक ओळख लागते, तेव्हा बाहेरून वकिलाने किंवा बहिणीने परस्पर करून टाकण्यासारखं हे काम नाही. नवा नंबर अशा माणसाचा द्या, जो फोन उचलतो.

दहावी झाली नसेल तर पदवीचं स्वप्न बाजूला ठेवून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस गाठावी. पाच विषय, उत्तीर्णतेला ३३ टक्के, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकदा पास झालेला विषय पासच राहतो, राहिलेला पुढच्या संधीला देता येतो. तारखेला नेमकं कोर्टात न्यायचं ठरलं आणि पेपर बुडला, असं आत नेहमी होतं. त्यामुळे ही सवलत तिथे सोन्यासारखी आहे. पुढे पदवी घ्यायची तर माध्यम तपासा. इग्नूचा बराचसा कारभार हिंदी-इंग्रजीत आहे. मराठी शाळेत शिकलेल्या बाईसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सरळ पडतं.

देशातल्या कारागृहांत शिक्षा झालेल्यांपेक्षा कच्चे कैदीच कितीतरी जास्त आहेत. जामीन उद्या होईल की दोन वर्षांनी, कोणी सांगू शकत नाही. अशा बाईला थेट तीन वर्षांच्या बीएला बसवणं हा कार्यालयाच्या आकडे वाढवायच्या हौसेचा भाग वाटतो. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घ्यावं, ते पदरात तरी पडतं. सुटताना नोंदणी क्रमांक आणि स्वाध्याय जमा केल्याची पोच सोबत न्यावी, अभ्यासकेंद्र बदलण्याचा अर्ज लगेच करावा. पोच नसेल तर स्वाध्यायाचे गुण लागत नाहीत आणि लेखी परीक्षा पास होऊनही निकाल अपुरा दिसतो. फीमाफी कैदी म्हणून असते, सुटल्यावर पुढच्या वर्षाची फी भरावी लागेल असं धरून चालावं.

आता पैसे. राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ कर्ज योजना १ मे २०२२ ला येरवड्यातून सुरू झाली. ५० हजारांपर्यंत, ७ टक्क्यांनी, जामीनदार किंवा तारण नाही, फेड आतल्या मजुरीतून. कल्पना चांगली आहे, पण गणित मांडून बघा. २०२३ च्या दरांनी अकुशल कामाला दिवसाला ५३ रुपये. महिन्याला २५ दिवस काम मिळालं तर १,३२५. ही अख्खी मजुरी हप्त्याला घातली तरी ५० हजार फिटायला साडेतीन वर्षं लागतात, आणि कॅन्टीनच्या साबणाला पैसा उरत नाही. २० हजार घेऊन निम्मी मजुरी कापू दिली तर पावणेतीन वर्षं. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी एवढं पेलतं. मर्यादा ठरवताना शिक्षेचा उरलेला काळ आणि कामाचे दिवस बघतात. कच्च्या कैदी यात बसत नाहीत.

जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी आत राहणाऱ्यांसाठी केंद्राची गरीब कैदी साहाय्य योजना आहे. २०२३ च्या मूळ नियमांत मर्यादा जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, दंडासाठी २५ हजारांपर्यंत होती. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आणि त्यांनी प्रकरण जिल्हा समितीपुढे ठेवायचं. कळवणं हीच कच्ची कडी, म्हणून आठव्या दिवशी विधी सेवा वकिलाकडून अर्ज द्यावा. कोठडीतल्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला तो वकील उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. अमली पदार्थ कायद्याची प्रकरणं मात्र यातून वगळली आहेत. कोणाचं तरी पुडकं पोचवताना पकडलेली बाई म्हणूनच बाहेर राहते, म्हणजे योजनेच्या बाहेर.

मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ आत राहू शकतं. त्याहून मोठ्यांसाठी बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज बाहेर सांभाळणाऱ्या नातेवाइकाने जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, आदेश बालकल्याण समिती देते. आई आत असल्याचा कारागृहाचा दाखला आणि शाळेचं बोनाफाईड ही दोन कागदपत्रं आधी जमवावीत. दाखल्याची मागणी आईनेच आतून लेखी केली तर आजीला गेटवर खेटे घालावे लागत नाहीत.