बाबांच्या गुडघ्याचे कागद: आरटीआय पोर्टल ९ महिने वापरल्यानंतर

केंद्र सरकारचं आरटीआय पोर्टल मी गेल्या जूनपासून वापरतोय, तेही एकाच कामासाठी: बाबांचे लष्करातले वैद्यकीय कागद मिळवायला.

बाबा २००४ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९९६ मध्ये बर्फातल्या एका चौकीवर रसद चढवताना घसरले आणि उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, मग लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीमुळे खालची श्रेणी. सुटताना रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीवेळी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, अपंगत्व ३० टक्के धरलं, पण दुखापतीचा सेवेशी संबंध नाही असा शेरा मारला. त्या एका ओळीपायी अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. सर्व्हिस पेन्शन मिळतेय ना, म्हणून बाबांनी तेव्हा अपील केलं नाही. आता गोव्यात, आमच्या वाळपईच्या बाजारातून पिशवी घेऊन घरचा चढ चढताना ते तीनदा थांबतात.

पहिला अर्ज मी माझ्या नावाने केला. तिऱ्हाइताची वैयक्तिक माहिती म्हणून तो नाकारला गेला, आणि नियमाने ते बरोबरच होतं. अर्ज सैनिकाच्याच नावाने हवा. दुसरा अर्ज बाबांच्या नावाने, पण त्यात लिहिलं, 'सर्व वैद्यकीय नोंदी द्याव्यात.' उत्तरादाखल सेवेचा तपशील असलेली ४ पानं आली, बाकी उपलब्ध नाही म्हणून कळवलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना चोर्ला घाट ओलांडला की बेळगाव, त्यांचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानांचे कागद ठेवणारं कार्यालय, तिथेच. बाबांच्या कोअरचं ऑफिस मात्र दोन राज्यं पलीकडे, उठून जाऊन विचारायची सोय नाही.

मग ऐन पावसात बाबांची ट्रंक काढली. काळी लोखंडी, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आमच्या सत्तरी तालुक्याच्या पावसात कागदांचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. डिस्चार्ज बुकाची पानं एकमेकांना चिकटलेली, पिना गंजून कागदावर तांबडे डाग. सगळं चटईवर पसरून पंख्याखाली दोन दिवस वाळवलं. एका घडीत हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप सापडली. शाई फिकट, पण जांभळ्या शिक्क्याशेजारी भरती झाल्याची तारीख आणि ॲडमिशन नंबर वाचता येत होता. बाबा म्हणाले, "ही जपून ठेव म्हणून वॉर्डमधल्या सिस्टरने बजावलं होतं." २८ वर्षं त्यांनी ती खरोखर जपली होती.

तिसऱ्या अर्जात एकेक कागद नावानिशी मागितला. इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे दुखापतीचा अहवाल, फॉर्म आयएएफवाय-२००६. कॅटेगरी बदलताना झालेल्या मेडिकल बोर्डांचे फॉर्म एएफएमएसएफ-१५ आणि सुटतानाच्या बोर्डाचा एएफएमएसएफ-१६. १९९६-९७ च्या पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या घडामोडी नोंदवणारे युनिटचे आदेश. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, झाली असल्यास तिची प्रत. सोबत स्लिपचा स्कॅन जोडला. पोर्टलवर मजकुराला ३००० अक्षरांची मर्यादा आहे, पण मुद्द्याचं लिहिलं तर पुरते. शुल्क १० रुपये, प्रतींना पानामागे २. आम्हाला ६१ पानं मिळाली, १२२ रुपयांत.

पण लगेच नाही. ३० दिवस उलटूनही उत्तर नव्हतं. पोर्टलवरूनच पहिलं अपील केलं, त्याला शुल्क नाही, आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. या पोर्टलचा मला सगळ्यात मोठा उपयोग इथे झाला. नोंदणी क्रमांक, तारीख, कुठल्या टेबलावरून कुठे गेलं, सगळं दिसतं, त्यामुळे अर्ज पोचलाच नाही असं कुणाला म्हणता येत नाही.

पाकिटातलं ३७ वं पान म्हणजे इंज्युरी रिपोर्ट. प्रसंगाचं वर्णन, 'ऑन ड्यूटी' समोर खूण, खाली कमांडिंग ऑफिसरची सही. बोर्डाने २००४ मध्ये जे नाकारलं ते युनिटने १९९६ मध्येच मान्य केलं होतं. बाबांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं, आणि रसदीच्या त्या तुकडीत कोण कोण होतं ते मला नावानिशी सांगितलं.

दुखापतीच्या दाव्यात हा रिपोर्ट म्हणजे पाठीचा कणा. आजाराचा दावा असेल तर भरतीच्या वेळची तपासणी आधी मिळवा. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं, आणि तसं नसेल तर बोर्डाने कारणं लिहायची. राम अवतार प्रकरणातला २०१४ चा निकालही वाचून ठेवा. आमचे ३० टक्के मान्य झाले तर त्यामुळे ते ५० धरले जातील. मात्र सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी ते आधी पाहावेत.

उशिराची किंमत आम्ही मोजतोय. इतक्या वर्षांनी दावा केला की थकबाकी साधारणपणे ३ वर्षांपुरतीच मिळते. ज्यांना पेन्शनच नाही त्यांनी तर अजिबात थांबू नये, त्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आहे.

विलंब माफीच्या विनंतीसह बाबांचं पेन्शनचं अपील जानेवारीत स्पीड पोस्टाने गेलं. तिथे नाकारलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. गोवा मुंबई खंडपीठाकडे येतो. हॉस्पिटलची केसशीट, म्हणजे उपचारांची नोंद, अजून हाती नाही. तिच्यासाठी माहिती आयोगाकडे दुसरं अपील केलंय, ९० दिवसांच्या मुदतीत. उत्तर आलं की इथेच लिहीन.