घरचा मीडिया सर्व्हर: डिस्कवर काय ठेवायचं, क्लाउडवर काय?

जेलीफिन किंवा प्लेक्स (घरचे चित्रपट-व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारे सर्व्हर प्रोग्राम) बसवून झालं की प्रश्न उरतो जागेचा. मार्ग तीन आहेत. सगळं घरच्या डिस्कवर, सगळं घरात आणि त्यातल्या निवडक भागाची प्रत क्लाउडवर, किंवा फायली क्लाउडवर आणि घरात फक्त कॅश (पाहताना उतरलेल्या भागाची तात्पुरती प्रत). बहुतेक घरांसाठी दुसरा मार्ग बरोबर आहे. मात्र त्यातला 'निवडक' भाग आकार बघून ठरवू नका. ती फाइल गेली तर पुन्हा मिळेल का, एवढंच विचारा.

एक नमुना घेऊ. एकूण ४ टेराबाइट. त्यात ३.७ टेराबाइट स्वतःच्या डीव्हीडी आणि ब्लू-रेवरून उतरवलेले चित्रपट, आणि ३०० जीबी घरचे व्हिडिओ व फोटो. चित्रपटांची मूळ चकती कपाटात आहे. बारशाचा व्हिडिओ मात्र दुसरीकडे कुठेच नाही.

पैसा आणि लाइन

बॅकब्लेझ कंपनीच्या बी-२ या क्लाउड साठ्याचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये टेराबाइटला महिना ६ डॉलर झाला. त्या हिशेबाने ४ टेराबाइटचे वर्षाला २८८ डॉलर, तर ३०० जीबीचे सुमारे २२. चार टेराबाइटची चांगली डिस्क साधारण त्या २८८ डॉलरच्या आतच येते आणि कित्येक वर्षं चालते.

इंटरनेट लाइनचा हिशेब याहून कडक आहे. १०० एमबीपीएसवर १ टेराबाइट चढवायला अखंड २२ तास लागतात, तेही अपलोडचा वेग पूर्ण मिळाला तर. भारतातल्या बऱ्याच फायबर प्लॅनना महिन्याला ३.३ टेराबाइटची मर्यादा असते आणि अपलोडही त्यातच मोजलं जातं. म्हणजे नमुन्यातला सगळा साठा एका महिन्यात चढतच नाही. ३०० जीबी मात्र सात तासांच्या आत, एका रात्रीत जातो.

क्लाउडवरून पाहतानाही तेच. ४के ब्लू-रेची जशीच्या तशी फाइल सरासरी ८० एमबीपीएस मागू शकते. दोन तासांचे ७२ जीबी. बी-२ ची डेटा सेंटरं अमेरिका, कॅनडा आणि युरोपात आहेत, त्यामुळे भारतातून एका कनेक्शनवर मिळणारा वेग लाइनपेक्षा बराच खाली येतो आणि चित्रपट पुढे सरकवला की चक्र फिरत बसतं. ॲमेझॉनचा क्लाउड साठा, एडब्ल्यूएस एस-३, मुंबईत आहे, तिथे अंतराची अडचण नाही. पण महिन्याचे पहिले १०० जीबी संपल्यावर बाहेर काढलेल्या प्रत्येक जीबीला सुमारे ०.११ डॉलर पडतात. एक ४के चित्रपट पाहिला की जवळपास ८ डॉलर गेले.

'अमर्याद जागा' या शब्दावर साठा उभारू नका. ड्रॉपबॉक्सने तशी योजना ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केली, आणि ॲमेझॉन ड्राइव्ह ही सेवाच ३१ डिसेंबर २०२३ ला संपली.

घरची बाजू

डिस्क सीएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) घ्या. एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर एकदा लिहून नुसतं वाचत राहायला हरकत नाही, पण रेडमधली (RAID, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक साठा करण्याची पद्धत) डिस्क बदलून डेटा पुन्हा भरताना ती इतकी मंदावते की रेड सांभाळणारा कंट्रोलर तिलाच बाद ठरवू शकतो. पोर्टेबल यूएसबी डिस्क बहुतेक एसएमआरच असतात.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल आरशातल्या (तोच डेटा ठेवणाऱ्या) दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी जाते. चित्रपटांसाठी स्नॅपरेड हा प्रोग्राम पुरेसा आहे, फक्त पॅरिटीची (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करायला लागणारी माहिती ठेवणारी) डिस्क सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी हवी. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून वीज गेल्यावर तो आपोआप बंद होईल असं लावा. मिनी पीसी आणि दोन डिस्क मिळून २५ वॅट धरले तरी महिन्याला १८ युनिट होतात.

प्रत कशी लावायची

आरक्लोन या फायली क्लाउडवर नेणाऱ्या प्रोग्राममध्ये आधी बी-२ चा रिमोट (क्लाउडच्या खात्याची जोडणी) करा आणि त्यावर क्रिप्टचा, म्हणजे फायली कूटबद्ध करणारा, दुसरा रिमोट चढवा. क्रिप्ट दोन पासवर्ड घेतो. दोन्ही कागदावर लिहून कागद घराबाहेर ठेवा, कारण ते हरवले तर क्लाउडवरच्या फायली कुणालाच उघडता येत नाहीत. मग रोज रात्री 'कॉपी' चालवा, 'सिंक' नाही. सिंक घरात पुसलेली फाइल क्लाउडवरूनही काढतो, म्हणजे नेमकी ज्या चुकीसाठी प्रत ठेवली तीच चूक पुढे पोचवतो. पहिली प्रत पूर्ण झाली की दोन्हीकडच्या फायली जुळतात का हे तपासणारी 'क्रिप्टचेक' आज्ञा चालवा, आणि दोन-तीन व्हिडिओ दुसऱ्या संगणकावर परत उतरवून वाजवून पाहा.

चित्रपटांची दुसरी प्रत हवीच असेल तर एक डिस्क भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी आणून भरा. क्लाउडपेक्षा स्वस्त, आणि परत भरणंही कितीतरी जलद.

तरीही क्लाउडवरूनच पाहायचं असेल तर

भाड्याची खोली, सतत बदली, १०८०पीच्या लहान फायली, एका वेळी एकच प्रेक्षक: इथे तिसरा मार्ग चालतो. आरक्लोन माउंटला (क्लाउड घरच्या फोल्डरसारखा दाखवणारी जोडणी) व्हीएफएस कॅश मोड हा पर्याय 'फुल' ठेवा आणि कॅश वेगळ्या एसएसडीवर न्या. कॅशची कमाल मर्यादा एसएसडीच्या ७०-७५ टक्केच ठेवा, कारण उघडी फाइल कॅशमधून काढता येत नाही आणि मर्यादा ओलांडली जाते. जेलीफिनचा डेटाबेस माउंटवर कधीही ठेवू नका. चित्रपट पुढे-मागे सरकवताना दिसणारी छोटी चित्रं बनवण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा. ती प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचते, म्हणजे ३.७ टेराबाइट एकदा पूर्ण उतरतात आणि महिन्याची मर्यादा तिथेच संपते.

सगळ्यात वाईट बिघाड माउंट तुटल्यावर होतो. फोल्डर रिकामं दिसतं आणि सर्व्हरला वाटतं चित्रपट पुसले गेले. प्लेक्समध्ये स्कॅननंतर कचरा आपोआप रिकामा करण्याचा पर्याय बंद करा. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हरची सेवा माउंटवर अवलंबून ठेवा. आणि माउंट लागण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर प्लस आय' (chattr +i, फोल्डरमध्ये लिहिणं बंद करणारी लिनक्सची आज्ञा) चालवा, म्हणजे माउंट नसताना कोणताही प्रोग्राम तिथे लिहून मुख्य डिस्क भरून टाकणार नाही.