वाय-फाय ५ की वाय-फाय ६: राउटर बदलावा का?

घरात १०० एमबीपीएसची लाइन असेल तर वाय-फाय ५ चा राउटर तिला पुरून उरतो. नवा आणला तरी स्पीड टेस्टचा आकडा जागचा हलत नाही. वाय-फाय ६ ची करामत दिसते ती गर्दीत. जुना राउटर बहुतेक वेळा उपकरणांना एकेक करून डेटा देतो, नवा एकच चॅनेल वाटून अनेकांना एकदम देतो. टीव्ही, दोन लॅपटॉप, चार मोबाइल एकाच वेळी चालू असले, तरी व्हिडिओ कॉल सहसा अडखळत नाही. अर्थात फोनही वाय-फाय ६ चा हवा. आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून बदलणार असाल, तर थांबा. जाड भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे राउटरचा वेगवान पण कमी पल्ल्याचा सिग्नल, दोन्ही राउटरांत सारखाच हतबल. माझा राउटर कपाटामागून बाहेर काढला, तेवढ्यानंच भागलं.