१५०-६०० झूम लेन्स: दिवाळी ते श्रावण

दिवाळीत सेकंडहँड १५०-६०० मिमी लेन्स घेतली, आता श्रावण लागलाय. या काळात ती पक्ष्यांचे फोटो काढायला सहा वेळा नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला आणि दोनदा पनवेलजवळच्या कर्नाळ्याला नेली.

गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ बंधाऱ्यामागे गाळ साचून नांदूरची पाणथळ झाली. २०२० मध्ये ती राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. पाणी पसरट, पक्षी लांब. जुन्या ३०० मिमी लेन्सने मी तिथे नुसते ठिपके काढायचो. हिवाळ्यात मनोऱ्यावर सगळ्यांचे कॅमेरे परदेशी पाहुण्यांकडे वळलेले असतात; मला मात्र आपल्या घरच्या पक्ष्यांचं वेड. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यातून देठ उपटते, लांबलचक बोटांत धरते आणि ऊस सोलावा तसा सोलून खाते. पहिल्याच फेरीत हे ६०० वर टिपलं. कपाळावरच्या लाल ढालीवर पाण्याचा थेंबसुद्धा दिसतोय! पैसे तिथेच वसूल झाले म्हणा.

मग डिसेंबरात डोकं फिरलं. सकाळी आठला टिपलेले शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी) धारदार आणि साडेदहाला टिपलेले तेच शेकाटे लोण्यासारखे. लेन्स गंडली असं समजून दुरुस्तीला टाकली. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि 'काही झालेलं नाही' म्हणून परत दिली. खरंच झालेलं नव्हतं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, आणि लांबच्या पक्ष्यासोबत ती थरथरही फोटोत येते. हे कळायला मला दोन महिने आणि तपासणीचे पैसे लागले. आता नाशिकहून पहाटे पाचला निघतो. साडेनऊनंतर जवळ आलेले हळदीकुंकू बदक सोडले, तर कॅमेरा पिशवीत.

शेकाट्याचं पांढरं पोट उन्हात जळतं, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली, म्हणजे फोटो जरा गडद, ठेवतो. हातात धरून काढायचं तर शटर १/१००० सेकंदाच्या खाली नेत नाही. लेन्स दोन किलोच्या आसपास आहे, अर्ध्या तासात खांदा बोलायला लागतो. आईने जुन्या जीन्सची पिशवी शिवून दिली, तिच्यात गहू भरून मनोऱ्याच्या कठड्यावर ठेवतो. ट्रायपॉडपेक्षा बरी. पावसाळ्यात मात्र त्या गव्हाला टोके झाले, आता कडुनिंबाचा पाला टाकलाय.

एक दोष खरा आहे. गळ्यात अडकवून चाललं की नळी आपोआप खाली घसरते. लॉक आहे, पण तो फक्त १५० वर लागतो.

कर्नाळ्यात मात्र हिचा निभाव लागला नाही. जुलैतल्या भर पावसात, गच्च झाडीत, ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर बसलेला. ६०० वर लेन्सचं छिद्र एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे प्रकाश कमी येतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० करूनही शटर १/१०० च्या वर जाईना. त्याच्या खांद्याची ती निळी चमक फोटोत नुसती राखाडी रवाळ आली. दुसऱ्या खेपेलाही तेच. पुढच्या वेळी तिकडे फक्त दुर्बीण नेणार आहे. त्या दिवशी मोबाईलवर त्याची शीळ रेकॉर्ड केली होती, तेवढी छान आलीय.