यूबीएमटीए : प्रयोगशाळांमधील देवाणघेवाणीसाठीच्या तयार कराराचे परीक्षण

एका प्रयोगशाळेने दुसरीला प्लाझ्मिड (डीएनएचा छोटा गोलाकार तुकडा) किंवा सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) पाठवताना दर वेळी दोन्हीकडच्या वकिलांनी नव्याने मसुदा घासत बसू नये, या हेतूने अमेरिकेच्या ‘एनआयएच’ (राष्ट्रीय आरोग्य संस्था) या सरकारी संशोधन संस्थेने मार्च १९९५ मध्ये ‘युनिफॉर्म बायॉलॉजिकल मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट’, अर्थात यूबीएमटीए, हा नमुना करार जाहीर केला. संस्थेने मूळ करारावर एकदा सही करायची आणि पुढे प्रत्येक पाठवणीसाठी केवळ एका छोट्या अंमलबजावणी-पत्रावर काम भागवायचे, अशी त्याची रचना आहे. ना-नफा संस्थांमधील व्यवहारांपुरती ही सोय खरोखरच उपयोगाची असून, परवान्यांच्या कामात असलेल्या प्रत्येकाने हा दस्तऐवज निदान एकदा ओळ न ओळ वाचावा, असे माझे मत आहे. मात्र ‘संशोधनासाठी वापर’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे अर्धेच उत्तर तो देतो.

आधी त्याच्या जमेच्या बाजूबद्दल. संस्थांनी स्वतःच लिहिलेले बहुतेक मसुदे ‘व्यापारी वापरास मनाई’ असे एक वाक्य लिहून मोकळे होतात आणि वाद तिथूनच सुरू होतो. यूबीएमटीएने व्यापारी हेतूची व्याख्या कृतींच्या आधारे केली आहे. नफा कमावणाऱ्या संस्थेला मूळ साहित्य (म्हणजे पाठवलेला जैविक पदार्थ) किंवा त्याचे बदललेले रूप विकणे, भाड्याने देणे, परवान्याने देणे वा अन्य प्रकारे हस्तांतरित करणे. कंत्राटी संशोधन करणे. उपयुक्त रसायन शोधण्यासाठी संयुगांच्या संग्रहांची चाळणी करणे. सर्वसाधारण विक्रीसाठी उत्पादन तयार करणे, या सर्व गोष्टी व्यापारी ठरतात, आणि त्या करणारी संस्था विद्यापीठ असली तरी सुटका नाही. मर्यादा वापरणाऱ्याच्या ओळखीवरून न आखता कामाच्या स्वरूपावरून आखल्यामुळे विद्यापीठाच्या नावाआड कंपनीचे काम करून घेण्याची वाट बरीच अरुंद होते. त्याच व्याख्येच्या शेवटी, उद्योगाने पैसा पुरवलेले शैक्षणिक संशोधन केवळ तेवढ्या कारणाने व्यापारी मानले जाणार नाही, असेही स्पष्ट केलेले आहे. हे एक वाक्य नसते, तर कंपनीचे अनुदान घेणारी प्रत्येक प्रयोगशाळा संशयाच्या घेऱ्यात आली असती.

मालकीची विभागणीही नेटकी आहे. पेशीपासून पेशी किंवा विषाणूपासून विषाणू अशी न बदललेली संतती देणाऱ्याची राहते. हायब्रिडोमाने (प्रतिपिंडे बनवणाऱ्या संकरित पेशींनी) स्रवलेली मोनोक्लोनल, म्हणजे एकाच प्रकारची, प्रतिपिंडे, किंवा पुरवलेल्या डीएनएपासून व्यक्त झालेले प्रथिनही देणाऱ्याचेच. मूळ साहित्य सामावून घेणारे नवे रूप घेणाऱ्याचे असते, पण त्यातील मूळ भागावरचा देणाऱ्याचा हक्क कायम राहतो. ज्यात मूळ साहित्याचा, त्याच्या संततीचा वा न बदललेल्या उत्पादनाचा अंश नाही, असे त्यातून निर्माण झालेले पदार्थ मात्र घेणाऱ्याला मोकळेपणाने वाटता येतात.

आता उणी बाजू. साहित्याचा वापर केवळ ‘अध्यापन व शैक्षणिक संशोधन’ यांसाठी करावा, असे करार सांगतो. पण व्याख्यांच्या यादीत शैक्षणिक संशोधनाची व्याख्याच नाही. काय करू नये हे तपशिलात आणि काय करावे हे मोघम, अशी ही स्थिती आहे. विद्यापीठाने आपल्याच संशोधकाच्या नवउद्योगासाठी केलेली प्राथमिक चाचणी, किंवा रुग्णालयाने स्वतःच्या तपासणी पद्धतीचा दर्जा पडताळण्यासाठी केलेले काम कुठे मोडते, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. मानवी व्यक्तींवर वापर, क्लिनिकल चाचण्या आणि मानवी निदान यांना लेखी संमतीशिवाय मनाई आहे, हे स्पष्ट आहे. त्याच्या अलीकडचा पट्टा धूसर आहे. आणि इथे कायद्यावर विसंबता येत नाही. ‘मेडी विरुद्ध ड्यूक’ या २००२ च्या निकालात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने पेटंटमधील प्रायोगिक वापराची सवलत, म्हणजे पेटंट असलेली गोष्ट परवान्याविना प्रयोगासाठी वापरण्याची मुभा, अत्यंत संकुचित मानली. विद्यार्थ्यांना शिकवणे व संशोधन प्रकल्प चालवणे हा विद्यापीठाच्या व्यवसायाचाच भाग असल्याने केवळ ना-नफा असण्याने ती सवलत मिळत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे भिस्त ठेवावी ती करारातील शब्दांवरच, आणि नेमके तेच इथे सैल आहेत.

साहित्य फक्त संबंधित वैज्ञानिकाच्या प्रयोगशाळेत आणि त्याच्या थेट देखरेखीखालीच वापरायचे, त्याच संस्थेतील शेजारच्या गटालाही देणाऱ्याच्या पूर्वसंमतीशिवाय द्यायचे नाही, ही अट मला अतिरेकी वाटते. सामाईक उपकरणे आणि केंद्रीय सुविधा वापरणाऱ्या संस्थांमध्ये ती कागदावर पाळली जाते, एवढेच म्हणता येईल.

करार १९९५ चा असल्याची खूण सर्वांत ठळकपणे माहितीच्या बाबतीत दिसते. त्याच्या सगळ्या व्याख्या पदार्थांभोवती फिरतात. प्लाझ्मिडचा डीएनए क्रम वाचून तो दुसरीकडे नव्याने संश्लेषित केला, किंवा तो क्रम एखाद्या संगणकीय प्रारूपाच्या प्रशिक्षणात वापरला, तर त्याला संतती म्हणायचे की आणखी काही, यावर मजकूर मौन बाळगतो. नव्याने करार लिहिणाऱ्याने यासाठी स्वतंत्र कलम घालावे.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ओपनएमटीए’ हा दुसरा नमुना करार पुनर्वितरणास आणि व्यापारी वापरासही परवानगी देऊन हा पेच मुळातूनच टाळतो. ज्यांना साहित्य मोकळे सोडायचे आहे त्यांच्यासाठी तोच बरा. ज्यांना पुढे कंपनीला परवाना विकण्याची शक्यता राखून ठेवायची आहे त्यांना यूबीएमटीएच लागेल, आणि पाचपैकी साडेतीन गुण मी त्याला देईन. संयुगांच्या चाळणीसारखे मनाईतले किंवा नवउद्योगाशी भागीदारीसारखे सीमेवरचे काम डोळ्यांसमोर असेल, तर मात्र नमुन्यावर सही करून न थांबता देणाऱ्या संस्थेकडून त्या विशिष्ट कामाचे वर्णन असलेली लेखी संमती आधीच मागून घ्यावी.