धुराड्याची चूल बांधावी की लोखंडी चूल आणावी?

घरात गॅस आला तरी चूल गेली नाही, असं चित्र आपल्याकडच्या बहुतेक खेड्यांत दिसतं. आंघोळीचं पाणी, भाकरी, बारशा-जत्रेला चढणारं मोठं पातेलं हे सगळं अजून लाकडावरच चालतं. जुनी उघडी चूल मोडून नवी करायची ठरली की दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे विटामातीत जागेवर बांधलेली, मागे वैल म्हणजे दुसऱ्या भांड्याचं तोंड असलेली आणि धुराडं छपराबाहेर काढलेली चूल. दुसरा म्हणजे बाजारात तयार मिळणारी, उचलून कुठेही नेता येणारी लोखंडी चूल.

माझं मत आधीच सांगते. चूल भिंतींच्या आत पेटणार असेल तर धुराड्याचीच बांधा. पडवीत किंवा परसात पेटणार असेल तर लोखंडी घ्या. जळण किती वाचतं हा मुद्दा याच्यानंतरचा.

दुकानात मात्र तोच आधी ऐकवला जातो, म्हणून तो नीट समजून घेऊ. वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारण १५ मेगाज्यूल उष्णता असते. उघड्या चुलीत तिचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो, बाकीची वाऱ्यावर जाते. उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठीचं भारतीय मानक, आय.एस. १३१५२, बिनपंख्याच्या चुलीकडून निदान २५ टक्के आणि आत हवा फुंकणारा पंखा असलेल्या चुलीकडून ३५ टक्के मागतं. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम उघड्या चुलीवर करायचं तर तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागेल, पंचवीस टक्केवालीवर सव्वाशेच्या आत भागेल. मोळी डोक्यावर आणणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे. पण ही टक्केवारी मोजताना लाकूड वाळलेलं, सारख्या जाडीचं आणि बेतानं सारलेलं असतं. पावसाळ्यात ओलसर जळण कोंबलं की ती घसरते.

आता धुराचं बघा. धूर म्हणजे न जळता निसटलेलं लाकूडच. लोखंडी चुलीची भट्टी अरुंद आणि चांगलीच तापणारी असते, त्यामुळे आतले वायू बऱ्यापैकी जळतात आणि धूर कमी होतो. अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या रॉकेट चुलीचं तत्त्व हेच. तरी कमी झालेला धूर म्हणजे संपलेला धूर नव्हे. त्याच मानकात बिनपंख्याच्या चुलीला भांड्यात पोचलेल्या दर मेगाज्यूलमागे ३५० मिलिग्रॅमपर्यंत कण सोडायची मुभा आहे, आणि धुराडं नसेल तर ते सगळे खोलीतच राहतात. बांधलेली चूल कदाचित तितकं स्वच्छ जळत नसेल, पण जो धूर होतो तो ती घराबाहेर नेते. बंद स्वयंपाकघरात, शेजारी पाळणा असताना, मला तरी दुसरा विचार पटत नाही.

भाकरीचा मुद्दा माहितीपत्रकात सापडत नाही, पण नवी चूल घरात रुळणार की कोपऱ्यात पडणार हे बऱ्याचदा तिच्यावरच ठरतं. लोखंडी चुलीत ज्वाळा एका जागी, तव्याच्या मधोमध लागते. मध्यभाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. तवा जाड असेल तर निभावतं, पण भाकरी शेकायला तोंडाशी निखारा साठत नाही. बांधलेल्या चुलीत पुढे आर ओढून भाकरी टम्म फुगवता येते आणि वैलावर आमटी किंवा पाणी तापत राहतं. उलट दोन कप चहाला ती महागात पडते, कारण माती आधी स्वतः तापते. लोखंडी मिनिटांत पेट घेते. पण ती उंच आणि हलकी असल्याने पिठलं घोटताना हलते, आणि मोठं पातेलं तिच्यावर ठेवू नये.

जळणाचंही तसंच. तुराट्या-पऱ्हाट्या लोखंडी चुलीत छान जळतात, फक्त सतत सारत बसावं लागतं. गोवऱ्या, नारळाची सोडणं, जाड ओंडके असतील तर बांधलेलीच बरी.

पंख्याची चूल सर्वांत कमी धूर करते, पण तिला बारीक तुकडे किंवा दाबलेल्या भुशाच्या कांड्या हव्यात, आणि पंख्याला वीज. भारतीय विज्ञान संस्था आणि बीपी कंपनीने मिळून केलेली, पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आलेली ‘ऊर्जा’ चूल याच जातीची. लाखांनी विकली गेली, पण कांड्यांचे भाव चढत गेले तशी घरांतून मागे पडली. कांड्या बारमाही मिळतील याची खात्री असेल तरच या वाटेला जा.

बांधायचं ठरलं तर

गवंड्याला बोलावण्याआधी रोजची दोन भांडी आणि तवा बाहेर काढून ठेवा. तोंडं त्यांच्या बुडाच्या मापाने हवीत. फट राहिली की धूर तिथूनच खोलीत येतो. वैल रिकामा असेल तेव्हा त्यावर झाकण हवंच, नाहीतर धुराड्याची ओढ तुटते. नुसती माती तडकते, म्हणून तीत शेण आणि भुसा किंवा बारीक चिरलेलं तण मळून घ्या. खाली बिडाची जाळी बसवली की हवा तळातून मिळते. पुण्याच्या आरती संस्थेने तयार केलेली दोन भांड्यांची ‘लक्ष्मी’ चूल माहीत असलेला कारागीर मिळाला तर उत्तम.

धुराडं सरळ वर न्या, आडवी वळणं टाळा. वरचं टोक छपराच्या निदान दोन-तीन फूट वर असावं आणि त्यावर पावसाची टोपी हवी. ॲस्बेस्टॉसचा जुना पाइप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. तो कापताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते. पत्र्याचा पाइप लाकडी वाशांना टेकू देऊ नका, मधे मोकळी जागा सोडा. गवती छपरातून तर तो काढूच नका, बाजूच्या भिंतीतून न्या.

आणि काजळी. ओडिशात धुराड्याच्या चुली वाटलेल्या घरांचा संशोधकांनी चार वर्षे पाठपुरावा केला होता. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला, नंतर तो फायदा उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि डागडुजी झाली नाही. आपल्याकडेही १९८० च्या दशकात सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला, त्यातही देखभाल हा कच्चा दुवा होता. म्हणून धुराड्याच्या बुडाशी राख-काजळी काढायला एक भोक आणि त्याला बसणारी वीट गवंड्याकडून करूनच घ्या. पंधरा दिवसांतून एकदा, चूल गार असताना, काठीला फडकं बांधून आतून फिरवा. हे काम घरातल्या पुरुषाने अंगावर घ्यावं. छपरावर चढून टोपी साफ करणं त्यातच आलं.

नवी चूल आठवडाभर सावलीत वाळू द्या, मग दोन-तीन दिवस काटक्यांचा मंद जाळ करा. त्यात पडलेल्या बारीक भेगा ओल्या मातीने बुजवल्या की पूर्ण स्वयंपाक चढवायला हरकत नाही.